अंगवळणी

"हे काय ध्यान आणून बसवलंय घरात!" तुर्दुकानबाई ओरडल्या.

दाराशी चहाचे प्याले मांडत बसलेली सैकाल दचकली. लग्नाला महिना होत आला होता, तरी या घरात कुणी ओरडलं की ते आपल्यालाच, असं तिला वाटायचं. बहुतेक वेळा ते खरंही असायचं. आज मात्र सासूबाईंचं बोट कॉम्प्युटरच्या पडद्याकडे होतं.

जुन्या ब्राउझरवर शाळेचं मार्कांचं पान उघडेनासं झालं होतं. म्हणून मुलानं सकाळी कामावर जाता जाता नवा ब्राउझर टाकून दिला आणि शहाण्यासारखा पसार झाला. बाई दक्षिण किर्गिझस्तानातल्या ओश शहरात शाळेत भूगोल शिकवायच्या. जगातली कुठलीही नदी त्यांना नकाशावर डोळे झाकून दाखवता यायची. इथे त्यांना साधा मागे जायचा बाण सापडत नव्हता.

"इथं घराचं चित्र होतं, ते कुठं गेलं? आणि हे वर काय, कुठल्याशा नटीचं लग्न मोडलं! मी विचारलं होतं का? माझा जुना कसा, एक अक्षर टाकलं की बाईला काय हवंय ते ओळखायचा. हा मेला मलाच विचारतोय, तुम्ही कोण!"

"पासवर्ड मागतोय, अपा," सैकाल म्हणाली. सासूला 'अपा', म्हणजे आई, म्हणायची तिकडची रीत.

"मला काय माहीत पासवर्ड? ते सगळं जुन्याला माहीत होतं."

सैकालनं हिरवा चहा ओतला, रीतीप्रमाणे अर्ध्याहून कमी, आणि दोन्ही हातांनी प्याला पुढे केला. बाईंनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"कडू जहर केलास. तुम्हा उत्तरेच्या तलासवाल्यांना काळ्या चहात दूध ओतायचं तेवढं कळतं. आणि साखर पुन्हा डाव्या फळीवर ठेवलीस ना? उजव्या फळीवर असते ती. किती वेळा सांगू?"

"आमच्या घरी डावीकडे..."

"आमचं घर म्हणजे हे घर."

सैकालनं मान खाली घातली. पहाटे उठून अंगण झाडताना तिनं एक वाक्य घोकून ठेवलं होतं. आत्ता नाही तर कधीच नाही, म्हणून ते तिनं बोलून टाकलं.

"अपा, आईचा आज परत फोन येणार आहे. पहिल्या माहेरपणाला कधी पाठवताय, विचारतेय. मेंढा बांधून ठेवलाय तिनं. खाऊन खाऊन तो फुगलाय म्हणे."

"फुगू दे. मेंढा काही रडत नाहीये. आधी इथलं अंगवळणी पडू दे. महिन्याभरात माहेर आठवतं म्हणजे काय नखरे! मन लावलं की माणसाला सगळं जमतं."

असं म्हणून बाईंनी मन लावून माऊस मेजावर आपटला. पडद्यावर नटी हसतच राहिली.

"मी बघू का?" सैकालनं विचारलं.

"तू? बघ बाई. तेवढा मोडू नकोस म्हणजे झालं."

सैकाल उभ्यानंच वाकली. इकडेतिकडे दाबून बघितल्यावर एक चौकोन उघडला. तिनं तो मोठ्यानं वाचला. "जुनं सामान इकडे आणायचं, की कोऱ्या पाटीनं सुरुवात करायची?"

"कोरी पाटी?" बाई खुर्चीत ताठ झाल्या. "अक्कल विकून खाल्ली का या लोकांनी? इतक्या वर्षांचं वळण, खुणा करून ठेवलेली पानं, सगळं उंबऱ्याबाहेर टाकून यायचं? का, तर नव्याला बरं वाटावं म्हणून? एका सकाळीत कुणी बदलतं का? मी काय दगड आहे?"

सैकालचा हात माऊसवर थांबला. मग तिनं 'आणा' दाबलं. वरच्या पट्टीत बाईंच्या जुन्या खुणा येऊ लागल्या. मार्कांचं पान आलं, नकाशे आले, गाजर-मुळ्याच्या लोणच्याची पाककृतीही आली. बाईंचा चेहरा जरा सैल पडला. शाबासकी मात्र तोंडातून निघाली नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सैकालनं तो उचलला, स्पीकर लावला आणि कीबोर्डशेजारी ठेवला.

"काय गं, काय म्हणाल्या विहीणबाई?" आईनं विचारलं.

सैकाल फोनकडे वाकली. "आत्ताच म्हणाल्या, आई. म्हणाल्या, इतक्या वर्षांचं सगळं उंबऱ्याबाहेर टाकून कुणी येत नाही. एका सकाळीत कुणी बदलत नाही, माणूस काही दगड नसतो. शुक्रवारी निघतेय मी."

पलीकडून हुंदका आला. "विहीणबाई, देव तुमचं भलं करो! आणि मी वेडी इकडे सगळ्यांना सांगत होते, की दक्षिणेकडच्या बायका म्हणजे... जाऊ दे, माझीच जीभ झडो."

तुर्दुकानबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, की वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं पोरगंही गार पडलं असतं. सैकालनं नजर वळवली नाही. विहिणीच्या तोंडावर नाही म्हणणं तर शक्यच नव्हतं.

"हो, हो," बाई दात आवळून म्हणाल्या. "पोरगीच आहे ती आमची. आठवड्यानं परत पाठवा. आणि तेवढ्यात जमलं तर हिरवा चहा शिकवा."

फोन बंद झाला. दोघीही पडद्याकडे वळल्या. तिथे आणखी एक चौकोन उघडला होता.

"जुना ब्राउझर काढून टाकायचा का, विचारतोय," सैकाल हळूच म्हणाली.

"राहू दे की!" बाई खेकसल्या. "तुझ्याकडे जेवायला मागतोय का तो?"