फुंका, फुंका!

मार्च लागला की उत्तर थायलंडमधल्या मे चेमच्या डोंगरात मक्याची धसकटं पेटतात, आणि सुपिन नर्स श्वासाची ताकद मोजणारं फुंकायचं यंत्र घेऊन त्या धुरातून गावोगाव हिंडते. फुप्फुसाच्या जुनाट रोगाचा हा अभ्यास सुरू झाला, तेव्हा ती कोवळी पोर होती आणि इन्ताकाका तिचे पहिले पेशंट. गेली काही वर्षं काकांचा आकडा घसरतच चालला होता. आजही तेच.

"काका, मध्येच का सोडता? छाती पार रिकामी होईपर्यंत फुंकायचं. चला, परत!"

काकांनी नळी तोंडात धरली. "फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून..." सुपिन खच्चून ओरडली. काका पुन्हा मध्येच थांबले. तिने यंत्र ठोकून पाहिलं, नळी बदलली, खिडकी लावली, खोकली, घोटभर पाणी प्यायली. तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आकडा खरा असेल, तर काकांच्या नाकाला ऑक्सिजनची नळी कायमची लागणार होती.

"काका, खरं सांगा, छातीत अजून हवा होती ना?"

"होती की."

"मग सोडलीत कशाला? नुसता हट्टीपणा!"

"हट्ट कसला, पोरी? पहिल्याच वर्षी तू बजावलं होतंस, मी ओरडतेय तोवर थांबायचं नाही. तेव्हा तुझं ओरडणं संपता संपायचं नाही. आता मध्येच तुटतं." काका उठले आणि त्यांनी आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस इथे. नवी नळी लाव. आता मी ओरडतो."