ऑक्टोपसचे गुण

मेरेआना बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा तुआइनेकडे वळवला. बालवर्गातल्या मुलांना नाव लिहिता येत नाही, म्हणून शाळेनं घरी फोनवर खेळायला दिलेल्या खेळात प्रत्येकाला एक चित्र दिलेलं. तिच्या चार वर्षांच्या लेकीचा, अकाइतीचा ऑक्टोपस. बाकी सगळ्या रांगा हिरव्या होत्या. ऑक्टोपसची लाल.

"घरी रोज खेळते ना?" बाईंनी विचारलं.

"रोज. शाळेतून आली की माझे बाबा तिला घेऊन बसतात. मी तेव्हा मागे तारोच्या कंदांच्या वाफ्यात असते."

"खेळ सोपे आहेत गं. जोड्या लाव, आज वार कोणता ते सांग, होडी घरी पोचव. सुरुवातीला जमत होतं. दोन महिन्यांत एकेक सुटत चाललंय." बाईंनी आवाज खाली आणला. "वर्गात चांगली वाटते, पण येत असलेलं विसरणं बरं नव्हे. डॉक्टरांना दाखव."

तुआइने लाल रांगेकडे बघत राहिली. आपल्या लक्षात कसं आलं नाही? आणि बाबाही काही बोलले नाहीत. चाळीस वर्षं दूरच्या बेटांवर बोटी नेणारा तिचा बाप आता नातीला स्कूटरवरून आणायचं काम हौसेनं करायचा. हल्ली दोघं तासभर उशिरा यायची. ती रागावली की म्हातारा हसायचा. "अगं, बेटाला गोल एकच रस्ता. घर येतंच कधीतरी. पोरीला आइस्क्रीम हवं होतं."

"बाई, तिला माझ्यासमोर एकदा खेळवता?" तिनं विचारलं. बाईंनी अकाइतीला बाहेरून हाक मारून बोलावलं.

अकाइती खुर्चीवर गुडघे टेकून बसली. जोड्या लागल्या, वार बरोबर आला, होडी घरी पोचली. पाच मिनिटांत सगळं हिरवं. तुआइनेचा विश्वास बसेना.

"मग घरी काय होतं गं तुला?" बाई म्हणाल्या.

"घरी मी नाही खेळत. आजोबा खेळतात. कुणाला सांगू नको म्हणाले, ते शिकतायत."

बाई खुर्चीत मागे रेलून हसल्या. "कप्तानसाहेबांनी नातीला नापास केलं की!"

तुआइनेही हसली, डोळे पुसत हसली. छातीवरचं ओझं उतरलं होतं. पोर ठणठणीत होती, आणखी काय हवं? बाहेर ओळखीचा हॉर्न वाजला. तिनं अकाइतीला उचलून पापा घेतला.

"आज आजोबांना एकट्यांनाच जाऊ दे पुढे. तू माझ्या स्कूटरवर चल, आइस्क्रीम खाऊ."

"नको." अकाइती हेल्मेटचा पट्टा लावत होती. "आपलं घर आलं की मी त्यांच्या पाठीवर थापटते. नाहीतर आजोबा पुढेच जातात."