सात नंबरची चाल

विमान धावपट्टीवर उतरलं, पंख मिटले आणि सात नंबर माणसासारखं उभं राहून चालू लागलं. डावा पाय ओढतच.

"याची स्मृती पुसली नाहीत?" प्रशिक्षक हेमांगी कर्णिक मेकॅनिकवर ओरडल्या.

"पुसली की मॅडम, कालच."

कबड्डीत डावा गुडघा गेलेला हेमांगीबाईंचा मुलगा निषाद हेच यंत्र चालवायचा. चालवणाऱ्याच्या पायांबरोबर यंत्राचे पाय चालत आणि ती चाल यंत्राच्या स्मृतीत राही. तो लढाईत मारला गेला. यंत्र परत आलं, त्याचं लंगडणं घेऊन. लंगडं यंत्र शत्रू आधी टिपतो. पोरांना ती खोड लागू नये म्हणून हेमांगीबाईंनीच, अखेर मन घट्ट करून, ती स्मृती पुसायला लावली होती.

शिडीवरून कॅडेट शार्दूल उतरला. वर्षभर तो याच यंत्रात शिकला होता. उद्या सीमेवर निघणार होता.

"झकास चाललं ना, मॅडम?" म्हणत तो त्यांच्याकडे आला. डावा पाय ओढत.