गोल खिडकीची खोली

मुलाने दार ढकललं आणि बाजूला होऊन आईला वाट करून दिली.

"चल, आत हो. तुझीच खोली!"

म्हातारी दारातच थांबली. समोरच्या भिंतीत, हात पोचणार नाही इतक्या उंचावर, ताटाएवढी गोल खिडकी होती. मागच्या बाजूने हॉटेलच्या कपडे धुण्याच्या यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

मुलाचा आनंद पोटात मावत नव्हता. महिनाभर तो फोनवर या महालाच्या झालेल्या हॉटेलातल्या खोल्या धुंडाळत होता, आणि भाव वाचून दर वेळी त्याचे डोळे पांढरे होत होते. शेवटी त्याने फोन करून सरळ विचारलं, "माझी आई लहानपणी तुमच्याच महालात राहायची. गोल खिडकीची एखादी खोली आहे का हो?" पलीकडच्या माणसाने खोल्यांची यादी चाळली. मग म्हणाला, "आहे. मागच्या अंगाला. पण ती सहसा कोणी मागत नाही." भाव ऐकून तर मुलाला देव पावल्यासारखं झालं.

"सगळ्यात स्वस्त आणि नेमकी तुझी," तो म्हणाला. "याला म्हणतात नशीब!"

सुनेने खोलीभर नजर फिरवली. दोन पलंगांमधून अंग तिरकं करून जावं लागत होतं.

"राजघराणं फारच काटकसरी होतं म्हणायचं," ती म्हणाली. "काय हो राणीसरकार?"

घरी सासूला ती याच नावाने चिडवायची. चहा हातात द्यायचा तोही राणीसरकार म्हणून.

"अगं, पोराबाळांना तेव्हा लहानच खोल्या देत असतील," मुलगा म्हणाला. त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं.

म्हातारीने घरात सांगितलेलं सगळं खरं होतं. गोल खिडकी, तिच्यातून खुर्चीवर चढलं की दिसणारं तळं, भर उन्हाळ्यात पायांना गार लागणारी फरशी. घंटा वाजली की माणूस धावत जिना चढायचं, हेसुद्धा तिने सांगितलं होतं. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त ते माणूस कोण, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.

"दुसरी नाही का रे मिळायची?" तिने हळूच विचारलं. "वरची. कितीही लहान चालेल."

मुलाचा चेहरा एवढासा झाला. "का गं? ही नाही आवडली?"

गाडीत बसल्यापासून तिच्या मनात एकच होतं. एक रात्र वरच्या मजल्यावर झोपायचं, पाय पसरून, मोठ्या पलंगावर. त्या पलंगाच्या चादरी तिने किती वर्षं ताणल्या, पण त्याच्या कडेला ती कधी टेकलीसुद्धा नव्हती. हे आता सांगायचं, तर मागचं सगळंच सांगावं लागणार होतं. तिने मुलाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आवडली की," ती म्हणाली. "छान आहे." आणि पलंगावर बसली.

"आजी, या कशाच्या घंटा?" मागून आत आलेल्या नातीने विचारलं.

दाराच्या वर पितळेच्या सात घंटा ओळीने टांगल्या होत्या. हॉटेलवाल्यांनी त्या घासून लख्ख केल्या होत्या.

"नोकरांच्या," मुलानेच सांगून टाकलं. "आजीने वाजवल्या की नोकर हजर!"

"मग वाजव ना, आजी. दोरी कुठाय?"

"दोरी वर असते," म्हातारी बोलून गेली. "मोठ्या पलंगाच्या उशाशी."

"बघा, काय लक्षात आहे हिच्या!" मुलगा हसला. वरची मोठी खोली पाहुण्यांना बघायला उघडीच ठेवलेली होती. नात जिन्याकडे पळाली, आणि तिला कोणी अडवलं नाही. सून बॅगेतून कपडे काढू लागली.

ओळीतली तिसरी घंटा खणखणली.

घरी म्हातारीला उठायचं म्हणजे दोघांचे हात लागायचे. ती आपली आपण उठली. बसून चादरीला पडलेली सुरकुती तिने तळहाताने सारखी केली, पायातल्या चपला पलंगाखाली सारल्या आणि दाराशी पोचली.

"आले, आले, बाईसाहेब."

सुनेचे हात बॅगेतच राहिले. मुलगा अजून हसत होता. ओठ मिटायचे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"आई?"

म्हातारी चौकट धरून उभी राहिली. आपण काय बोललो ते तिला कळलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही. घंटा पुन्हा वाजली, आधीपेक्षा जास्त वेळ.

"एकदा वाजल्यावर नाही गेलं, की अशी वाजते," ती म्हणाली.

"पोरगी खेळतेय, आई." मुलगा पुढे झाला. त्याने तिच्या खांद्यांना धरून तिला पलंगापर्यंत आणलं, बसवलं. "तू बस. तुला कुठे जायचं नाही. मी जातो वर, घेऊन येतो तिला."

तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी पोचला, तेव्हा मागून तिने हाक मारली.

"थांब रे. चपला इथेच काढ. आपण वर चपला घालून जात नाही."