दोन फ्लॉप्यांचा कुकारा

पहिल्या फ्लॉपीवर भिवाजीचा आवाज "ना" म्हणून तुटला, आणि दुसरी फ्लॉपी रिकामीच निघाली.

"परत चालव," कुंडलिक सर म्हणाले.

शेवंतीने तिसऱ्यांदा प्रोग्रॅम चालवला. सी भाषेतल्या वीसेक ओळी, सकाळी तिनेच लिहिलेल्या. मोठी फाईल उघडायची, त्यातला एकेक आकडा वाचायचा, पहिली फ्लॉपी भरली की उरलेलं दुसरीवर टाकायचं. स्क्रीनवर 'काम झालं' असं आलं. चूक झाली म्हणून बेटा प्रोग्रॅम काही कबूल करत नव्हता. आवाज मात्र पुन्हा तिथेच तुटला.

बारा वाजता टेम्पो येणार होता. माजिवड्याचा हा क्लास बंद होत होता, कॉम्प्युटर विकले गेले होते आणि घेणारा ते आधी पुसणार होता. त्यातल्या एकात भिवाजीचा तीन मिनिटांचा आवाज होता. गेल्या वर्षी सरांनी नवा माईक आणला, तेव्हा लेकीचा डबा घेऊन आलेल्या भिवाजीला त्यांनी गंमत म्हणून बोलायला लावलं होतं. पुढे चार महिन्यांनी त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता हा कोलशेतचा कोळी बाकावर बसून लेकीच्या बोटांकडे बघत होता, आणि त्याचा आवाज साऱ्या जगात त्या एका खोक्यात उरला होता.

"काका, शेवटचं दीड मिनिट कापून टाकू या का?" सरांनी घड्याळ बघत विचारलं. "तिथे नुसता पंखाच तर ऐकू येतोय. मग एका फ्लॉपीत मावेल, साधी कॉपी मारली की झालं. प्रोग्रॅमची भानगडच नको."

भिवाजीने जोरात मान हलवली. सकाळपासून दुसऱ्यांदा. पंख्याच्या घरघरीवर ह्या माणसाचा एवढा जीव का, ते सरांना कळेना.

मग भिवाजीने शेवंतीच्या खांद्यावर थोपटलं. उघडा तळवा टेबलावरून सपाट पुढे नेला, एकदम डोक्यावर उंच उचलला, आणि तिथेच हवेत कापल्यासारखी खूण केली.

"हळू बोलताय तिथपर्यंत नीट येतंय," शेवंती म्हणाली. "आवाज चढला की तुटतंय. असंच ना, बाबा?"

भिवाजीने मान डोलावली.

"कोण ओरडतंय ते मशीनला काय कळतंय?" सर हसले. मग हसायचे थांबले. "थांब. आकडे काढ बघू."

आकडे धावायला लागले. शांततेचा आकडा १२८. भिवाजी हळू बोलत होता तिथे १२५, १३०, १२७, असे सगळे त्याच्याच आसपास. पण आवाज चढला तसे आकडे वर-खाली उड्या मारायला लागले. २१०. १९०. ६१. ३८. कॉपी तिथे संपली होती. मूळ फाईलमधला पुढचा आकडा होता २६.

सरांनी कपाळावर हात मारला. "फाईल मजकूर म्हणून उघडलीस ना गं? पूर्वी मजकूर संपला की खूण म्हणून शेवटी २६ टाकायचे. अजूनही मजकुरात २६ दिसला की हा समजतो, संपलं. पुढचं बघतच नाही."

"म्हणजे बाबा हळू बोलले असते, तर..."

"सगळं बिनबोभाट कॉपी झालं असतं!" ह्या चुकीचं सरांना इतकं कौतुक वाटलं की ते घड्याळ विसरले. भिवाजीही तोंडभर हसला, आवाज न करता. जरा हळू बोला म्हणून त्याची बायको मनुबाई त्याला जन्मभर सांगत आली होती.

शेवंतीने दोन जागा बदलल्या. वाचताना आणि लिहिताना, दोन्हीकडे फाईल आता बायनरी म्हणून उघडायची. म्हणजे ह्यात मजकूर शोधू नकोस, जे आहे ते तसंच उचल. फ्लॉपी करकरत राहिली. पहिली भरली. दुसरीही अर्ध्याच्या जवळ आली. दोन्ही पुन्हा जोडून तिने आवाज लावला.

"बोलू? काय बोलू, सर? आमचे नामाला पलीकरशी कसा बोलवताव, ता बगा." आणि मग, "नामाऽऽऽ, होरी आन रंऽऽऽ!"

खिडकीची काच थरथरली. खालच्या पानवाल्याने मान वर करून बघितलं. शेवंतीचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

मग पंख्याची घरघर सुरू झाली. सरांनी बंद करायला हात पुढे केला. भिवाजीने त्यांचं मनगट धरलं. तो खिडकीकडे तोंड करून, मान किंचित कलती ठेवून उभा होता, आणि शेवंतीला एकदम उमगलं.

"सर, राहू द्या," ती हळूच म्हणाली. "होडी आण म्हणून खाडीवरनं नामाकाकाला एकदा कुकारा दिला, की परत हाक मारायची नसते. पलीकडनं उत्तर येईपर्यंत गप उभं राह्यचं. मध्ये बोललं तर ऐकू कसं येणार? त्या दिवशी इथे माईकसमोर पण बाबा तसेच उभे राहिलेले."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. कुणीच हललं नाही. घरघर शेवटपर्यंत वाजली आणि थांबली, तेव्हाच भिवाजीने सरांचं मनगट सोडलं.

शेवंतीने फ्लॉप्या काढल्या. पहिलीच्या लेबलावर 'बाबा' लिहिलं. दुसरीवर नुसती शांतता होती. तिच्यावर काय लिहावं म्हणून तिने बापाकडे बघितलं. भिवाजीने खिडकीबाहेर, खाडीच्या पलीकडे बोट केलं.

तिने लिहिलं, 'नामाकाका'.