टायरची गाडी

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि बीबी गावात टायरची बैलगाडी एकट्या हिंमतरावांकडे होती. पोरासाठी साखरखेर्ड्याची मुलगी पाहायला तीच काढायची ठरली. बैलांना रोज जवसाची ढेप चारणारे हिंमतराव आदल्या दिवशी जवसाच्याच तेलात काजळी कालवून टायर चमकवायला बसले.

“सगळ्यायचे धोतरं काळे करसान,” मंजुळाबाई दारातून नवऱ्यावर खेकसल्या.

“उडन कसं? तेल ओतून नाही राह्यलो, फडकं पिळून पुसून राह्यलो!”

एवढ्यावर न थांबता त्यांनी गाडी जुंपून गावाला तीन चकरा मारल्या आणि उरलंसुरलं तेल वाटेवरच झटकून टाकलं. दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्यात मंडळी उतरली, तेव्हा धोतरं बगळ्यासारखी पांढरी होती आणि टायर तर असे चमकत होते की पोरंसोरं त्यात तोंड पाहू लागली. हिंमतरावांनी बैल सोडले, चाकांना बांधले आणि मिशीवर हात फिरवत आत गेले.

पोहे झाले, मुलगी पसंत पडली. सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती. तेवढ्यात मुलीचे वडील अर्जुनराव, गाडी एकदा डोळे भरून पाहावी म्हणून बाहेर गेले आणि तोंड पाडून परत आले.



“माफ करा पाव्हणे. ज्यायचे बैल भुकेनं टायर चाटून राह्यले, त्यायच्या घरी माह्या पोरीले काय खायले भेटन?”