कुवेतची बॅग

पायात घालायचे दोन लांब फिन्स. एक मास्क. सुकटीचा डबा. माळ्याकडे बघत बसलेले अब्बा.

रविवारी अफरीनला अंदमानहून स्कूबा शिकवण्याच्या नोकरीचं पत्र आलं. तेव्हापासून अब्बा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. महाडच्या बाजारातल्या एकाही बॅगेत फिन्स मावले नव्हते.

"अम्मी, मी मासे बघायला चाललेय. सुकट कशाला?"

"ते बघ, हे खा."

अब्बांनी माळ्यावरून आपली कुवेतची जुनी बॅग काढली. "तिरके घाल गो, मावतील. वरनं दोरी बांध. चेनचा भरवसा नाय."

बॅगेवर ऑइलपेंटने लिहिलेल्या 'सईद, कुवेत'च्या खाली एक नवी ओळ होती: 'अफरीन, अंदमान'. रंग खडखडीत वाळलेला.

ती ओळ त्यांनी अफरीनने अर्ज केला त्या दिवशी रंगवली होती.